परसातलं तळं स्वतः करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळं करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी मासे बघून येतात, मग खड्ड्याचा विचार करतात. खरं तर मासे सगळ्यात शेवटी यायला हवेत. पुढचे प्रश्न कामाच्या क्रमानेच घेतले आहेत. काठ, पातळी आणि पाणी तयार होण्याचा काळ यांवरची उत्तरं मुद्दाम लांब आहेत, कारण पुढे येणाऱ्या तक्रारी बहुतेक तिथूनच उगवतात.

बांधकामाचा काहीच अनुभव नाही. मला जमेल का?

जमेल. लायनर, म्हणजे खड्ड्यात अंथरायचं पाणी अडवणारं रबराचं किंवा प्लास्टिकचं कापड, अंथरून केलेल्या तळ्याला गवंडीकाम यावं लागत नाही. खोदता येणं, पातळी धीराने तपासता येणं आणि जड लायनर ओढायला सोबत एक-दोन माणसं असणं एवढं पुरतं. श्रम मात्र कमी लेखू नका. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर खोल तळं घ्या. उतरत्या बाजू आणि पायऱ्या वजा केल्या तरी त्यातून अडीच-पावणेतीन घनमीटर माती निघते, म्हणजे चार टनांच्या आसपास वजन. खणलेली माती फुगते, त्यामुळे ढीग खड्ड्याच्या आकारमानापेक्षा साधारण पाव पटीने मोठा होतो. तो कुठे जाणार हे पहिली कुदळ मारण्याआधीच ठरवा.

विजेची जोडणी मात्र स्वतः करू नका. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

जागा कशी निवडायची?

दिवसातून चार ते सहा तास ऊन मिळेल अशी. कुमुदिनीसारख्या फुलणाऱ्या पाणवनस्पतींना एवढं ऊन लागतंच. पूर्ण दिवस कडक ऊन असेल तर पाणी तापतं आणि शेवाळ फोफावतं, म्हणून दुपारनंतर थोडी सावली आली तर बरंच.

मोठ्या झाडाखालची गार जागा मोहात पाडते, पण ती टाळा. पानं पाण्यात पडतात, तळाशी कुजतात, कुजताना प्राणवायू खातात आणि शेवाळासाठी खत तयार करतात. शिवाय खोदताना झाडाची मुळं तुटतात आणि उरलेली पुढे लायनरला ढकलत राहतात. बांबूच्या जवळ तर तळं करूच नये. त्याचे कोंब टोकदार असतात आणि लायनर भेदून वर येतात.

दुसरा मोह बागेतल्या सगळ्यात सखल कोपऱ्याचा. निसर्गात पाणी तिथेच साचतं, म्हणून तळंही तिथेच हवं असं वाटतं. पण पावसात सगळ्या बागेचा गाळ, खत आणि फवारलेली औषधं वाहत त्याच कोपऱ्यात येतात. जमिनीखालचं पाणी वर असेल तर ते लायनरला खालून उचलतं आणि तळ्याच्या मधोमध फुगा येतो. सखल भागापेक्षा थोडी वरची, सपाट जागा घ्या.

खोदण्याआधी जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि गॅसच्या नळ्या, तसंच विजेच्या तारा कुठून जातात ते शोधा. काही ठिकाणी ठरावीक खोलीच्या पुढे परवानगी किंवा कुंपण लागतं, तेही विचारून घ्या. आणि जागा पक्की करण्याआधी घरातल्या रोजच्या बसण्याच्या ठिकाणावरून ती दिसते का बघा. जे तळं रोज दिसतं त्याचीच निगा राखली जाते.

गच्चीवर केलं तर?

एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. ६० सेंटीमीटर खोल पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ६०० किलो, आणि यात दगड, माती धरलेली नाही. इमारतीची रचना तपासणाऱ्या अभियंत्याने लेखी होकार दिल्याशिवाय गच्चीवर तळं करू नका.

केवढं आणि किती खोल असावं?

जागा देईल तेवढं मोठं. लहान तळं सांभाळायला सोपं, हा समज अगदी उलटा आहे. थोडं पाणी लवकर तापतं, लवकर गार होतं आणि जरा जास्त खाद्य पडलं की लगेच बिघडतं. जास्त पाणी हे बदल सोसून नेतं.

फक्त झाडं आणि कीटक-बेडूक हवे असतील तर ४५ सेंटीमीटरही चालतं. गोल्डफिशसाठी ६० ते ७५ सेंटीमीटर धरा. जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं तिथे याहून खोल भाग ठेवावा लागतो. कोई माशांचा विचार असेल तर प्रकरण वेगळं आहे. ते ६० सेंटीमीटरपर्यंत वाढतात, त्यांना मीटर-सव्वा मीटर खोली, मोठा फिल्टर आणि हजारो लिटर पाणी लागतं. परसातल्या पहिल्या तळ्यात कोई नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजूंना २० ते ३० सेंटीमीटर खोलीवर, तितकीच रुंद पायरी ठेवा. काठावरच्या झाडांच्या टोपल्या तिथे बसतात. एक बाजू तरी अगदी हळू उतरती ठेवा, म्हणजे पाण्यात पडलेला प्राणी चढून बाहेर येऊ शकेल. सरळ भिंतींच्या तळ्यात लहान प्राणी पोहून पोहून दमतात आणि बुडतात.

लायनर, तयार टब की सिमेंट?

पहिल्यांदा करत असाल तर लायनर. त्यातही ईपीडीएम रबर, साधारण १ मिलीमीटर जाडीचं. ते लवचिक असतं, कोणत्याही आकारात बसतं, उन्हाला दाद देत नाही आणि नीट अंथरलं तर वीस वर्षांहून जास्त टिकतं. घेताना ते तळ्यासाठीचं, माशांना सुरक्षित असलेलंच आहे याची खात्री करा. छपरासाठीच्या रबरात वेगळी रसायनं असू शकतात. पीव्हीसी स्वस्त पडतं, पण उघड्या काठावर उन्हाने कडक होऊन तडकतं. साधं प्लास्टिकचं कापड तर उन्हात लवकरच फाटतं.

तयार फायबरचा टब लहान तळ्याला ठीक. खड्डा मात्र त्याच्या आकाराला तंतोतंत जुळवावा लागतो आणि खाली पोकळी राहिली तर भरलेल्या पाण्याच्या वजनाने टब चिरतो.

सिमेंट दिसायला भक्कम, पण जमीन जरा हलली की त्याला बारीक चीर पडते. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) इतका वाढवतो की मासे मरतात. सिमेंटचं तळं केलंच तर ते पूर्ण मुरू द्या, पाणी अनेकदा भरून उपसून टाका किंवा माशांना निर्धोक असा लेप द्या. पीएच साडेआठच्या खाली येऊन स्थिर झाल्याशिवाय मासे सोडू नका.

लायनर किती मापाचं आणायचं?

लांबी अधिक खोलीची दुप्पट अधिक काठासाठी ६० सेंटीमीटर. रुंदीलाही हाच हिशेब. वरच्या उदाहरणात लांबी ३ + १.२ + ०.६ = ४.८ मीटर, रुंदी २ + १.२ + ०.६ = ३.८ मीटर. पायऱ्यांसाठी वेगळं काही धरायला नको. खड्डा खणून झाल्यावर दोरीने प्रत्यक्ष माप घ्या आणि मगच लायनर आणा, कारण खोदताना आकार थोडाफार बदलतोच.

खोदायला सुरुवात कशी करू?

जाड दोरी किंवा पाण्याची नळी जमिनीवर टाकून आकार आखा आणि तो एक-दोन दिवस तसाच राहू द्या. येता-जाता बघा, सगळीकडून बघा. फार नागमोडी आकार कागदावर छान दिसतो, पण प्रत्येक वळणावर लायनरला चुण्या पडतात. मग वरची काळी माती काढून वेगळी ठेवा, ती बागेत वापरता येईल. आधी सगळा भाग पायरीच्या खोलीपर्यंत खणा, पायरीची जागा आखून घ्या, आणि मग मधला भाग खोल करा. बाजू उभ्या न ठेवता किंचित आत उतरत्या घ्या, म्हणजे माती ढासळत नाही.

पातळी इतकी महत्त्वाची का?

पाणी नेहमी सपाटच राहतं, तुमचा काठ राहीलच असं नाही. एका टोकाचा काठ दुसऱ्यापेक्षा ५ सेंटीमीटर खाली असेल तर तळं तिथूनच सांडतं आणि समोरच्या उंच काठावर लायनरचा ५ सेंटीमीटर काळा पट्टा कायम उघडा पडतो. तो कितीही झाडांनी झाका, दिसतोच. आणि उन्हाचा सगळा मारा त्याच पट्ट्यावर होतो.

लहान तळ्यावर सरळ फळी आडवी ठेवून तिच्यावर पाणसळ ठेवा. तळं फळीपेक्षा रुंद असेल तर पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरा, गवंडी वापरतात तशी. नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर दोन टोकांची पातळी जुळत नाही. काठाभोवती दर अर्ध्या-पाऊण मीटरवर खुंट्या ठोकून सगळ्यांचे माथे एका पातळीत आणा आणि मग त्यांच्या मापाने काठ तासा किंवा भरा. शक्यतो उंच भाग तासून खाली आणा. भर घातलेली माती पुढे बसते आणि तिथला काठ पुन्हा खचतो. भर घालावीच लागली तर थर देऊन, पाणी मारून, नीट चोपून घाला.

लायनर अंथरण्याआधी ही तपासणी पुन्हा एकदा करा. त्यानंतर दुरुस्ती करायची म्हणजे तळं उपसणं.

लायनरच्या खाली काय घालायचं?

आधी खड्ड्यात हात फिरवून अणकुचीदार दगड, मुळांची टोकं, काचा काढा. मग जाड जिओटेक्स्टाइल, म्हणजे लायनरला टोचण्यापासून वाचवणारं जाडसर कृत्रिम कापड, अंथरा. वाळूचा ३-५ सेंटीमीटर थर तळाला आणि पायऱ्यांना चांगला, पण उतारावरून ती घसरते, म्हणून बाजूंना कापडच हवं. तळात मोठे दगड मांडणार असाल तर त्यांच्या खाली, लायनरच्या वरूनही, कापडाचा एक तुकडा टाका.

लायनरला सुरकुत्या पडल्या. काय करू?

थोड्या पडणारच. लायनर तासभर उन्हात पसरून मऊ होऊ द्या, मग सैल सोडून खड्ड्यात बसवा, ताणून नको. पाणी हळूहळू भरा आणि पाणी चढेल तशा लहान लहान चुण्या एकत्र करून कोपऱ्यात एक मोठी घडी घाला. आत उतरायचं तर अनवाणी. काठावरचं जादा लायनर लगेच कापू नका. तळं भरून एक-दोन दिवस जाऊ द्या, पाण्याच्या वजनाने ते आणखी खाली ओढलं जातं.

काठ नेमका कसा बांधायचा?

तळ्याचं रूप आणि आयुष्य दोन्ही काठावर ठरतं, म्हणून इथे घाई नको.

काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ५ सेंटीमीटर तरी उंच ठेवा आणि बाहेरची जमीन तळ्यापासून दूर उतरती करा. नाहीतर पावसाचं गढूळ पाणी आत येतं. जादा पाणी बाहेर जाण्यासाठी एका ठिकाणी काठ बोटभर खाली ठेवून तिथून चर किंवा नळी काढा. ती जागा तुम्ही ठरवली नाही तर पाऊस ठरवेल.

काठाचे दगड बसवण्यासाठी बाहेरच्या बाजूने उथळ खाच करा, लायनर तिच्यावरून नेऊन दगडांच्या मागे उभं वर आणा, आणि त्याची कड पाण्याच्या पातळीपेक्षा वर राहील अशीच कापा. मागून माती भरली तरी कड मातीत गाडली जाऊ देऊ नका. लायनरची कड आडवी दाबून तिच्यावर ओली माती आणि गवत चढवलं, तर ती माती केशाकर्षणाने तळ्यातलं पाणी रात्रंदिवस बाहेर शोषत राहते. लोक मग तळाला भोक शोधत बसतात, पाणी मात्र काठावरून गेलेलं असतं.

पाण्यावर पुढे येणारे दगड २-५ सेंटीमीटरच पुढे आणा. त्यांची सावली लायनरची कड लपवते. ज्या दगडावर कुणी उभं राहण्याची शक्यता आहे तो चुना-सिमेंटात पक्का बसवा आणि त्याचा कोणताही कण पाण्यात पडू देऊ नका.

नळाचं पाणी चालेल का?

चालेल, पण लगेच मासे सोडायला नाही. साधा क्लोरीन पाणी उघडं, हलतं ठेवलं तर एक-दोन दिवसांत उडून जातो. काही ठिकाणी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, वापरतात. ते असं उडत नाही, त्यासाठी क्लोरीन काढणारं द्रावण घालावं लागतं. पुरवठ्यात काय असतं ते विचारून घ्या. पावसाचं साठवलेलं पाणी मिळत असेल तर उत्तमच. पुढे भर घालताना एका वेळी एकूण पाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नळाचं पाणी सोडू नका.

पंप हवाच का? केवढा घ्यायचा?

भरपूर झाडं आणि मासे नाहीत, अशा तळ्याला पंप नसला तरी चालतं. मासे असतील तर फिल्टरसह पंप हवा आणि त्याने तळ्याचं सगळं पाणी साधारण तासाभरात एकदा फिरवावं. मासे थोडेच असतील तर दोन तासांतून एकदा पुरतं. आपल्या उदाहरणातल्या तळ्यात अंदाजे २७०० लिटर पाणी मावतं. खोक्यावर लिहिलेला आकडा पाणी अजिबात वर न चढवता मिळणारा असतो. धबधबा मीटरभर उंच असेल तर त्या उंचीला किती लिटर मिळतं तो आकडा बघा. पंप अगदी तळाला न ठेवता विटेवर ठेवा. गाळ कमी ओढला जातो आणि नळी तुटलीच तर तळं पूर्ण रिकामं होत नाही.

विजेचं काय?

परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्या जोडणीला ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. तार संरक्षक नळीतून न्या, जोड पाण्यापासून लांब आणि पावसापासून झाकलेला ठेवा. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचा, दर वेळी.

कोणती झाडं लावू?

तीन थरांची. पाण्याखाली राहणारी, जसं सेराटोफायलम किंवा व्हॅलिस्नेरिया. ही पाण्यातली पोषकद्रव्यं शोषून शेवाळाला उपाशी ठेवतात. पृष्ठभागावर पानं पसरणारी कुमुदिनी. आणि पायरीवर वेखंडासारखी काठावरची झाडं. पाण्याचा निम्मा ते दोन-तृतीयांश पृष्ठभाग पानांनी झाकला जाईल असं बघा.

लावताना बागेची खतयुक्त माती वापरू नका. जड, चिकण, खत नसलेली माती जाळीच्या टोपलीत भरा आणि वर खडीचा थर द्या, म्हणजे माती पाण्यात मिसळत नाही आणि मासे ती उकरत नाहीत.

जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झाड उबदार पाण्यात दोन आठवड्यांच्या आत दुप्पट होतं आणि जगभर नद्या-तलाव त्याने गिळले आहेत. तळ्यातलं कोणतंही जादा झाड किंवा मासा ओढ्यात, नदीत टाकायचा नाही. झाडं वाळवून कंपोस्टमध्ये घाला.

पाणी हिरवंगार झालं. बदलू का?

नाही. नव्या तळ्यात हे जवळपास ठरलेलं आहे. पाण्यात पोषकद्रव्यं मोकळी असतात, झाडं अजून लहान असतात, ऊन भरपूर असतं, मग सूक्ष्म शेवाळाला आयतं मिळतं. पाणी बदललं की नळाच्या पाण्याबरोबर नवी पोषकद्रव्यं येतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. झाडं वाढू द्या, माशांचं खाद्य कमी करा, पानं काढत राहा, पाणी काही आठवड्यांत निवळू लागतं. मासे जास्त असतील तर अतिनील दिव्याचा क्लॅरिफायर मदत करतो. शेवाळ मारणारं औषध टाकण्याच्या मी विरोधात आहे. सगळं शेवाळ एकदम मरतं, कुजताना प्राणवायू संपवतं आणि मासे गुदमरतात. लांब धाग्यांचं शेवाळ काठीला गुंडाळून काढा आणि काही तास काठावरच ठेवा, त्यातले किडे पाण्यात परत जातात.

मासे कधी आणि किती सोडायचे?

पाणी भरल्यावर, झाडं लावल्यावर चार ते सहा आठवडे तरी थांबा. हा काळ वाया जात नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे झाडं वापरतात. हे जिवाणू दगडांवर, लायनरवर, फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि ती वस्ती खाद्याच्या प्रमाणातच वाढते. म्हणून एकदम दहा मासे सोडले तर वस्ती अपुरी पडते आणि आठवड्याभरात मासे मरू लागतात. आधी दोन-तीन लहान मासे सोडा, चाचणीसंचाने अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहा, दोन्ही शून्यावर स्थिरावले की पुढचे सोडा.

संख्येसाठी जुना आणि सावध हिशेब असा: दर चौरस मीटर पृष्ठभागाला २५-३० सेंटीमीटर एवढी माशांची एकूण लांबी. आजची नाही, पूर्ण वाढल्यावरची. गोल्डफिश तळ्यात २० सेंटीमीटरच्या पुढे जातो, म्हणजे ६ चौरस मीटरला सात-आठच. पिशवी आधी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग मासे सोडा. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर प्राणवायू कमी पडतोय. रात्री झाडंही प्राणवायू घेतात, आणि उबदार पाण्यात तो मुळातच कमी मावतो: १० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये साधारण ११ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. रात्रीही कारंजं किंवा हवेचा पंप चालू ठेवा.

डास होतील ना?

उबेत डासाचं अंडं ते उडता डास हा प्रवास ७ ते १० दिवसांत होतो, त्यामुळे पाणी भरल्याच्या पहिल्याच आठवड्यापासून लक्ष हवं. मासे येईपर्यंत पृष्ठभाग हलता ठेवा आणि बीटीआय हा जिवाणूजन्य उपाय वापरा. तो डासांच्या अळ्या मारतो, मासे, बेडूक, मधमाश्यांना अपाय करत नाही. पुढे गोल्डफिश अळ्या खातात, चतुराची पिल्लंही खातात. गंबुशिया मासे सर्रास सुचवले जातात, पण ते बेडकांची पिल्लं आणि इतर माशांची अंडीपिल्लीही फस्त करतात आणि अनेक देशांत उपद्रवी ठरले आहेत. रॉकेल किंवा तेल तळ्यात कधीच नको.

बेडूक कुठून आणू?

कुठूनच नाही. पाणी आणि उतरता काठ असेल तर ते स्वतः येतात. दुसरीकडून आणलेल्या बेडकांबरोबर बुरशीचे आणि विषाणूंचे रोग येतात.

घरात लहान मुलं आहेत.

मग मुलं मोठी होईपर्यंत उघडं तळं करू नका, असंच मी सांगेन. लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही, आवाज न करता, बुडू शकतं. तोवर दगडांच्या राशीतून उसळणारं, पाणी झाकलेल्या टाकीत परत जाणारं कारंजं करता येतं. तळं आधीच असेल तर मुलाचं वजन पेलणारी, घट्ट बसवलेली लोखंडी जाळी आणि कुलूप लागणारं कुंपण दोन्ही हवं. पानं अडवायची मऊ जाळी इथे उपयोगाची नाही, मूल त्यात अडकतं.

पाणी रोज कमी होतंय. गळती आहे का?

गरम, वाऱ्याच्या दिवशी सेंटीमीटरभर पाणी नुसतं उडून जाऊ शकतं. आधी बादलीची चाचणी करा: पाणी भरलेली बादली पायरीवर ठेवा, बादलीच्या आत आणि तळ्याच्या काठावर पातळीची खूण करा, २४ तासांनी दोन्ही बघा. सारखंच उतरलं असेल तर ते बाष्पीभवन. तळ्यातलं जास्त उतरलं असेल तर पंप बंद करून तीच चाचणी पुन्हा करा. आता थांबलं, तर दोष धबधब्यात किंवा नळीत आहे. नाही थांबलं, तर आधी सगळा काठ तपासा, कुठे माती लायनरवरून आत टेकली आहे का, कुठे काठ खचला आहे का. तिथेही काही नसेल तर पाणी उतरू द्या, मासे असतील तर त्यांना दुसऱ्या टाकीत हलवून. ज्या पातळीला ते थांबेल, भोक त्याच रेषेवर असतं. तो भाग स्वच्छ आणि कोरडा करून ईपीडीएमचं ठिगळ त्याच्या प्रायमरसह लावा.

साफसफाई किती वेळा?

पानं आठवड्याला, फिल्टरचा स्पंज त्याचा प्रवाह मंदावला की. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. तळ्यातलंच पाणी बादलीत घेऊन त्यात पिळा. तळाचा गाळ दरवर्षी थोडा काढा, सगळा एकदम नको, त्यात बरेच जीव राहतात. पूर्ण उपसण्याची वेळ काही वर्षांनीच येते. तेव्हा निम्मं जुनं पाणी टाकीत साठवून, मासे त्यात सावलीत झाकून ठेवा आणि काम झालं की तेच पाणी आधी परत भरा. निघालेला गाळ फुलझाडांच्या आळ्यात घालता येतो.